आई म्हणते, "माणसं तोडलीस"

पत्राचा सारांश: पत्र लिहिणारा तरुण २६ वर्षांचा, बी.कॉम. झालेला. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या मंडईत त्याच्या आईचा भाजीचा ओटा आहे. तिथे ती ३१ वर्षं बसली. दसऱ्यानंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ओटा याच्या हाती आला. त्याने पहिल्या दिवसापासून वही घातली. वहीत दिसलं ते असं: कढीपत्ता-कोथिंबीर फुकट देण्यात दिवसाला ८० रुपये जातात, गावात १४,००० रुपये उधारी अडकली आहे, भिशीला महिन्याला २,००० जातात, आणि शेजारच्या मावशींच्या ओट्यावर लक्ष ठेवण्यात रोज तास-दीड तास मोडतो. त्याने फुकट देणं थांबवलं, "उधार बंद"ची पाटी लावली, संक्रांतीच्या सुमाराला भिशी संपल्यावर पुढच्या भिशीत नाव घातलं नाही, आणि आईचा जुना आडत्या सोडून जिथे स्वस्त मिळेल तिथून माल उचलायला लागला. आई बसायची तेव्हा दिवसाला ६,००० रुपयांची विक्री होऊन सगळा खर्च जाऊन ९०० घरी यायचे. आता विक्री ३,८०० आणि घरी ६००. तो लिहितो, "ताई, मला 'तू'च म्हणा. मी कुणाला फसवलं नाही, भाव वाढवला नाही, मापात मारलं नाही. तरी आई म्हणते, माणसं तोडलीस. मला तिच्यासारखं गोड बोलता येत नाही. हा धंदा ओळखीवरच चालणार असेल तर तो माझा नाही. ओटा सोडून बायपासला गाळा घ्यावा का?"

प्रिय मित्रा,

तू आकडे पाठवलेस, म्हणून तुझ्याशी नीट बोलता येतंय. आधी तेच पुन्हा एकदा बघू. आईच्या वेळी विक्रीच्या रुपयामागे पंधरा पैसे सुटायचे. तुझ्या हातात ते पावणेसोळा झालेत. म्हणजे गळती थांबवायची म्हणून तू जे केलंस, ते साधलं. गिऱ्हाईक मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी झालं, आणि वाचलेल्या पाऊण पैशाने ती खोट भरून निघणार नव्हती. तुझा हिशेब चुकीचा नाही. त्यात काही खाती उघडायची राहून गेलीत.

भिशीचंच घे. महिन्याला २,००० "जातात" असं तू लिहिलंस. बी.कॉम.च्या मुलाने हे खर्चात धरावं, याचं मला वाईट वाटलं. बारा जणींची भिशी, आपला नंबर लागला की २४,००० एकरकमी हातात; हा खर्च कसा? ही बचत आहे, आणि ज्यांचा नंबर आधी लागतो त्यांच्यासाठी ते बिनव्याजी कर्ज आहे. तुझ्याच पत्रात, दुसऱ्याच कशाबद्दल लिहिताना, एक ओळ येऊन जाते: ऑपरेशनच्या वेळी एका बाईने आपला नंबर मागे घेतला आणि रक्कम तुझ्या आईला दिली. कुठलीही सही नाही, तारण नाही, जामीन नाही. वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या बायकांना तिचा शब्द माहीत होता, एवढंच. चक्र संपेपर्यंत तू हप्ते भरलेस, तेव्हा देणं तू बुडवलेलं नाहीस. पण त्या बायकांनी काय पाहिलं असेल? तिची गरज भागली आणि घर भिशीतून बाहेर पडलं.

अर्थशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट तुझ्या ओट्यावरची आहे. कोण तुला माल आधी दाखवतो, कोण पैसे उद्या घेतो, तू जेवायला गेलास तर गल्ल्याकडे कोण बघतं, नगरपालिकेची गाडी येणार ही बातमी तुला आधी कोण सांगतं. यातलं काहीच वहीत येत नाही आणि संध्याकाळी गल्ल्यात मात्र सगळं येतं.

आता आडत्याकडे येते, कारण तुझं खरं नुकसान तिथे झालंय असं मला वाटतं. तू लिहितोस, "तो एक नंबरचा माल शेजारच्याला देतो, मी रोख पैसे घेऊन उभा असतो तरी." तुला हा अन्याय वाटतो. त्याच्या बाजूने बघ. ज्या दिवशी आवक धो धो होते, फ्लॉवरला विचारणारं कुणी नसतं, त्या दिवशी त्याला चार माणसं अशी लागतात की जी "टाका दोन कॅरेट जास्त" म्हणतील. आई त्यांतली होती. मग टंचाईच्या दिवशी, २०२३च्या जुलैत टोमॅटोने शंभरी ओलांडली होती तसल्या दिवशी, थोडका माल कुणाला द्यायचा हे ठरवताना त्याला तीच चार माणसं आठवतात. आवक असते तेव्हा तू दोन रुपये स्वस्त मिळतं म्हणून पलीकडे जातोस. ते तुझं बरोबरच आहे, फक्त टंचाईतला हक्क त्याबरोबर सुटतो. आणि ते दोन रुपये तरी पूर्ण वाचतात का, ते बघ. २०१६ पासून आडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेतली जाते. दोन-तीन ठिकाणी फिरून माल गोळा केला की आडतीवर प्रत्येक ठिकाणची हमाली, टेम्पोची जास्तीची फेरी, आणि पहाटेचा तो तास, जेव्हा आईचा ओटा मांडून झालेला असायचा.

दुसरी गोष्ट आडत्याच्या वहीतली. आई सकाळी माल उचलायची आणि पैसे संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी द्यायची, हे तू "जुनी पद्धत" म्हणून लिहिलंयस. चेन्नईच्या फळविक्रेत्यांबद्दल अर्थतज्ज्ञांनी लिहून ठेवलंय, ते तुला सांगते. सकाळी सावकाराकडून हजार रुपये घ्यायचे, माल घ्यायचा, विकायचा, संध्याकाळी परत करायचे, आणि व्याज सरासरी दिवसाला ४.६९ टक्के, म्हणजे हजाराला सुमारे ४७ रुपये. तुझ्या आईच्या पाच हजारांच्या मालाला तो दर लावला तर दिवसाला २३५ रुपये होतात. ती हे पैसे देत नव्हती, कारण आडत्याला तिची खात्री होती. रोज ८० रुपयांचा कढीपत्ता तुझ्या डोळ्यावर आला. हे २३५ कुठेच दिसले नाहीत, कारण ते कधी द्यावेच लागले नाहीत.

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. गेली वीस वर्षं मी एकाच मावशींकडून भाजी घेते. चार ओटे सोडून दोन रुपये कमी असतात, हे मला माहीत आहे. पण वांगं आतून किडकं आहे का, मेथी पाणी मारून ताजी केलीय का, हे मला कळत नाही आणि त्यांना कळतं. एकदा पेंडी आतून काळी निघाली. दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आधी त्यांनी दुसरी पिशवीत घातली. ते दोन रुपये मी त्यासाठी देते, आणि आनंदाने देते. क्लिफर्ड गीर्ट्झ या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतल्या सेफ्रू गावचा बाजार अभ्यासून हेच मांडलं होतं. अशा बाजारात मालापेक्षा खात्रीची माहिती दुर्मीळ असते, म्हणून विकणारे आणि घेणारे एकमेकांना धरून राहतात. आपल्याकडे त्याला बांधलेलं गिऱ्हाईक म्हणतात. तुझी पाटी लागली तेव्हा उधार न घेणाऱ्यांनीही ती वाचली असणार. रोख देणाऱ्या बाईलाही असं वाटून जातं की उद्या माझी पर्स घरी राहिली तर इथे चालणार नाही.

एवढं ऐकून तुला वाटेल, ताईही आईच्याच बाजूच्या. पूर्ण नाही. आईची पद्धत जशीच्या तशी उचल, असं मी म्हणणार नाही. त्या ओळखींची किंमत तिने पहाटे चारला उठून आणि लग्नाकार्यात आहेर पोचवून भरली आहे. ती तुझ्यावर लादली जाऊ नये. सगळी ओळख कमाई देते, हेही खरं नाही. मादागास्करमधल्या शेतमालाच्या व्यापाऱ्यांचा अर्थतज्ज्ञ मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटेन यांनी अभ्यास केला. ज्यांची इतर व्यापाऱ्यांशी जास्त ओळख, त्यांची विक्री आणि कमाई, तेवढंच भांडवल आणि तेवढंच शिक्षण असूनही, जास्त निघाली. अडचणीत पैसे देणारी माणसं असण्याचाही फायदा दिसला. नातेवाइकांच्या बाबतीत मात्र उलटं, तिथे कामगिरी खालीच जाताना दिसली. तुझ्या १४,००० मध्ये हे शोध. मला वाटतं, मोठी आणि जुनी रक्कम चुलत-मावस घरांकडे असेल, आणि महिन्याच्या दहा तारखेला इमानाने येणारी छोटी रक्कम शिक्षिका, नर्स, खानावळवाल्या काकूंकडे. पाटी लावून तू दोघांना एकाच मापाने मोजलंस. नातेवाईक पाटी वाचत नाहीत, ते हक्काने पिशवी पुढे करतात. पाटी लागली ती काकूंना.

म्हणून पाटी काढ आणि मर्यादा ठेव. नेहमीच्या माणसाला ५०० पर्यंत, पगाराच्या आठवड्यात चुकतं, मागची बाकी असताना पुढचं नाही. हे तोंडाने सांगायचं, भिंतीवर लिहायचं नाही. नातेवाइकांचं आईला बोलू दे. कढीपत्ता दे, पण आधी मोजून बाजूला काढून ठेव, ५० रुपयांचा वाटा. तो संपला की संपला, आणि रोजच्या माणसाला आधी.

"मला गोड बोलता येत नाही" हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं. ओळख म्हणजे गोड बोलणं, हे तुला कुणी सांगितलं? मंडईत कितीतरी जणी तोंडाने फटकळ असतात आणि त्यांच्यासमोर रांग असते. माणसं तिथे येतात कारण तिथे दिलेला शब्द पाळला जातो. कुणाच्या घरी पथ्य आहे, कुणाला गवार कोवळीच लागते, कुणाचा मुलगा शनिवारी वसतिगृहातून येतो आणि मग दीड किलो बटाटा जास्त लागतो, हे लक्षात राहतं म्हणून येतात. आईने ते डोक्यात ठेवलं. तू वहीत ठेव. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली, तिची गोष्ट तिच्या संस्थापक चेतना सिन्हा सांगतात. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण पुढे आलेल्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढावं, बघू कोण आधी काढतं. तुझ्या आईकडे तसला हिशेब आहे. तो तिच्या तोंडून ऐकून तुझ्या वहीत उतरवला, तर जे तयार होईल ते तिच्याकडेही नव्हतं आणि तुझ्याकडेही नव्हतं.

आणि तुझ्याकडे असं काही आहे जे तिला कधीच मिळालं नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर याने १९७३ मध्ये मांडलं होतं की नोकरीची बातमी माणसाला बहुतेक वेळा जिवलग मित्रांकडून येत नाही, तोंडओळखीच्या लोकांकडून येते. जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. आईची माणसं घट्ट आहेत, पण ती सगळी मंडईच्या चार भिंतींतली. तुझ्या वर्गातली मुलं आज कुठे आहेत? कुणी दवाखान्याच्या कॅन्टीनचा हिशेब बघत असेल, कुणी आश्रमशाळेत लिपिक, कुणी मंगल कार्यालयात. रोज १५ किलो कांदा-बटाटा आणि १० किलो फळभाजी घेणारी एक मेस मिळाली, तर तुझ्या ३,८०० च्या विक्रीचं रूपच बदलेल, आणि आडत्यासमोर तू पुन्हा "दोन कॅरेट जास्त टाका" म्हणणारा होशील. रात्री आठला उद्याचे भाव व्हॉट्सॲपवर पाठव, चांगल्या मालाचा फोटो टाक, आणि ज्या दिवशी माल बरा नसेल त्या दिवशी तसं लिही. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

इथे थोडं थांबते, कारण हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांना आईचा ओटा मिळालेला नाही. ज्या ओळखीने तुझ्या घरी निवडक माल आला, तीच ओळख दुसऱ्या कुणाला दारातून परत पाठवते. दुष्काळी भागातून आलेलं जोडपं, भटक्या समाजातली बाई, परप्रांतातून आलेला मुलगा, यांना आडत्या एक दिवसाचं उधार देत नाही आणि मंडईत शेजारी बसू देत नाहीत. कुणाचा माल चांगला यापेक्षा कोण कुणाचा, कुठल्या आळीचा, कुठल्या जातीचा हे तिथे आधी विचारलं जातं. अशा वाचकांना "माणसं जोडा" एवढंच सांगणं निष्ठुरपणाचं होईल. त्यांच्यासाठी संघटना आणि कायदा हीच ओळख आहे. अहमदाबादला १९७४ मध्ये ४,००० कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपये घालून सेवा बँक उभी केली, ती याचसाठी. पुण्यात बाबा आढावांनी हमालांची आणि पथारीवाल्यांची पंचायत बांधली, तीही याचसाठी. मंडईबाहेर रस्त्यावर बसणाऱ्यांना २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू आहे. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असाव्यात, असं लिहिलेलं आहे. आपल्या गावात ही समिती आहे का, तिची निवडणूक झाली का, हे नगरपालिकेत लेखी विचारा. विक्री प्रमाणपत्र करून घ्या. पीएम स्वनिधी या केंद्र सरकारच्या पथविक्रेत्यांसाठीच्या योजनेचं बिनतारण कर्ज २०२० मध्ये १०,००० पासून सुरू झालं आणि २०२५ मध्ये पहिल्या कर्जाची रक्कम १५,००० झाली. वेळेवर फेडलं की पुढचं मोठं मिळतं. सावकाराच्या रोजच्या व्याजातून सुटायला पहिली पायरी म्हणून ते पुरेसं आहे. आणि मित्रा, तुझ्या मंडईच्या दारात असं कुणी बसत असेल तर त्याला सुट्टे दे, पाणी दे, नगरपालिकेचा फॉर्म भरून दे. तुला लिहिता येतं.

बायपासच्या गाळ्याबद्दल फार बोलत नाही. अनामत, भाडं, विजेचं बिल हे तू काढशीलच. वहीत एक रकाना जास्त घाल: मंडईतलं कोण तिथपर्यंत येईल? आडत्याचं उधार आईच्या नावावर आहे, नेहमीच्या बायका चालत येणाऱ्या आहेत, मावशी तिथे नसतील. जाणारा-येणारा माणूस गाडी थांबवून एकदा भाजी घेतो, दर गुरुवारी येत नाही. सहा महिने थांब. त्यात विक्री पाच हजारांच्या पुढे गेली नाही, तर आपण पुन्हा बोलू, आणि तेव्हा मी गाळ्याला नाही म्हणणार नाही. आणि तुला मुळातच भाजी विकायची नसेल, तर तेही आईला सरळ सांग. पडत्या आकड्यांच्या आडून सांगू नकोस. तिला आकड्यांचं दुःख नाहीच.

या आठवड्यात एवढं कर. एका सकाळी रिक्षा कर आणि आईला आडत्याकडे घेऊन जा. तिला काही बोलायला सांगू नकोस, नुसती बसू दे, चहा घेऊ दे. तिथली काही जुनी बाकी असेल तर तिच्यासमोर देऊन टाक आणि त्या दिवशी जो माल पडून असेल त्यातला थोडा उचल. मावशींना दुपारी म्हण, तुम्ही जेवून या, मी बघतो. भिशीत आता जागा नसेल, तर पुढच्या वेळी आमचं नाव धरा एवढं सांगून ठेव. ओटा नगरपालिकेत कुणाच्या नावावर आहे, भाडेपावती चालू आहे का, तुझं नाव लागायला काय लागतं, हे आई हिंडू-फिरू शकते तोवर बघून घे.

मग संध्याकाळी वही घेऊन तिच्याजवळ बस. १४,००० ची यादी मोठ्याने वाच आणि प्रत्येक नावाला विचार, हे कोण, कधीपासून येतात, कधी बुडवलंय का. काही नावांवर ती म्हणेल, "त्यांच्याकडे मागू नकोस." लगेच वाद घालू नकोस. का, एवढंच विचार, आणि ती सांगेल ते त्या नावापुढे लिहून घे. पाडव्यानंतर ते पान मला पाठव.

तुझी ताई